घरच्या गणपतीचे, आरतीचे फोटो: मोड कुठला ठेवायचा आणि फ्लॅशचं काय करायचं?

ठाण्याची_लेक
नमस्कार मंडळी, गणपती तोंडावर आलेत म्हणून आत्ताच विचारून घेते. आमच्याकडे कॅननचा १५००डी आहे, त्याच्यासोबत आलेली १८-५५ लेन्स, वेगळा फ्लॅश नाही, कॅमेऱ्यावर उघडतो तेवढाच. गणपती हॉलमध्ये बसतो, मागे सॅटिनचा पडदा, एलईडीच्या माळा, दोन्ही बाजूंना समया, मूर्ती शाडूची पण मुकुट, कंठी, सोंडेवरचं काम सगळं सोनेरी. हिरव्या ऑटोवर ठेवलं की फ्लॅश आपोआप वर येतो, मग मूर्तीचं कपाळ पांढरंफट्ट, मुकुटावरची नक्षी गायब, मागची रोषणाई काळी आणि समई पेटलीये की नाही तेसुद्धा कळत नाही. फ्लॅश बंदच्या मोडवर गेलं की रंग सुंदर येतात पण आरतीला उभे असलेले सगळे हललेले, टाळ वाजवणाऱ्या भाच्याचे हात तर दिसतच नाहीत. मला दोन्ही हवंय, ज्योतीचा उजेडही आणि माणसांचे चेहरेही. मोड कुठला लावू? डायलवर पी, टीव्ही (शटर किती वेळ उघडं ते आपण ठरवायचं), एव्ही (ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं तोंड किती उघडं ते आपण ठरवायचं), एम (दोन्ही आपण) आहेत, त्यातलं एव्ही थोडंफार कळतं.

पन्नास_एमएम
फ्लॅश विसरा. ५० एमएमची एफ १.८ लेन्स घ्या, एव्ही मोड, एफ १.८ (एफचा आकडा लहान तितकं लेन्सचं तोंड मोठं), आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ते) १६००, झालं काम. देवघरातला उजेड जसा आहे तसाच आला पाहिजे, फ्लॅश मारला की सगळी मजा जाते.

देवगडवाला
फक्त मूर्तीचा फोटो असेल तर पन्नास एमएम म्हणतात ते बरोबर, पण आरतीला नाही चालणार. एफ १.८ ला जेमतेम एक माणूस फोकसमध्ये राहतो, आरतीला ताट धरलेले काका पुढे, आजी मागे खुर्चीत, पोरं बाजूला, प्रत्येकजण वेगळ्या अंतरावर. शिवाय त्या कॅमेऱ्यावर ५० म्हणजे चांगलीच जवळून दिसते, ठाण्याच्या हॉलमध्ये भिंतीला पाठ टेकली तरी सगळे मावायचे नाहीत.

उजेडवेडा
ठाण्याची लेक, जरा सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न दरवर्षी येतो आणि उत्तरात नुसते आकडे दिले जातात, आकडे का ते कुणी सांगत नाही, मग दुसऱ्या घरात गेलं की ते आकडे उपयोगाला येत नाहीत.

फ्लॅश लावून काढलेला फोटो म्हणजे एकात एक बसवलेले दोन फोटो असतात. एक फोटो खोलीतल्या उजेडाचा: समई, माळा, ट्यूब. दुसरा फ्लॅशचा. फ्लॅशचा झोत साधारण सेकंदाचा हजारावा भाग किंवा त्याहूनही कमी वेळ टिकतो, त्यामुळे शटर १/२०० असो की १/१५, फ्लॅशचा उजेड तेवढाच पडणार, त्याला शटरशी देणंघेणं नाही. खोलीतला उजेड मात्र शटर उघडं असेपर्यंत आत येतच राहतो. म्हणजे शटर हळू केलं की माळा, ज्योत, मागचा पडदा उजळ होतो, पण फ्लॅशने उजळलेला चेहरा जवळजवळ तसाच राहतो. ॲपर्चर आणि आयएसओ दोन्ही उजेडांना कमीजास्त करतात. आणि फ्लॅशची ताकद फक्त फ्लॅशच्या वाट्याचं कमीजास्त करते. एवढं डोक्यात बसलं की मोडचा प्रश्न निम्मा सुटतो.

आता ऑटोमध्ये तुमचं काय होतंय बघा. कॅमेरा बघतो की अंधार आहे, फ्लॅश उघडतो, शटर १/६० च्या आसपास किंवा त्याहून जलद धरतो की हात हलू नये, आणि सगळी जबाबदारी फ्लॅशवर टाकतो. खोलीच्या उजेडाचा फोटो त्यात जवळजवळ काढलाच जात नाही. फ्लॅशचा उजेड अंतराच्या वर्गाने कमी होतो, एक मीटरवर जेवढा पडतो त्याच्या चौथा हिस्सा दोन मीटरवर, नववा हिस्सा तीन मीटरवर. म्हणून पुढचं पांढरं, मागचं काळं.

एव्हीमध्ये कॅनन वेगळं वागतो. तिथे तो खोलीचा उजेड मोजून शटर ठरवतो आणि फ्लॅश फक्त भर घालायला वापरतो, ह्यालाच स्लो सिंक म्हणतात. कल्पना उत्तम, पण अंधार असेल तर शटर अर्धा सेकंद, एक सेकंदसुद्धा होतं आणि माणसं हलतात. मेनूत कस्टम फंक्शनमध्ये 'एव्ही मोडमध्ये फ्लॅश सिंक स्पीड' अशी सेटिंग आहे, तिथे १/२०० ते १/६० असा पर्याय घेतला की शटर १/६० च्या खाली जात नाही. निकॉनवाल्यांचं उलटं असतं, ए मोडमध्ये फ्लॅश उघडला की शटर मुळातच साधारण १/६० ला अडतं आणि स्लो सिंक हवं असेल तर फ्लॅशच्या मेनूतून मुद्दाम निवडावं लागतं. म्हणून निकॉनवाल्या मित्राचा सल्ला कॅननवर जसाच्या तसा लागू पडत नाही.

मी तुम्हाला सरळ एम मोड सुचवीन. घाबरू नका, एम मोडमध्ये फ्लॅश ऑटोमॅटिकच राहतो. तुम्ही शटर, ॲपर्चर, आयएसओ ठरवायचं, म्हणजे खोलीचा उजेड तुमच्या हातात आला, आणि फ्लॅश किती मारायचा ते कॅमेरा टीटीएलने, म्हणजे लेन्समधून आत आलेला उजेड मोजून, ठरवतो. सुरुवात अशी करा: लेन्स १८ ते २४ च्या मधे, एफ ४, आयएसओ ८००, शटर १/५०, फ्लॅश कॉम्पेन्सेशन (फ्लॅशची ताकद कमीजास्त करणारी सेटिंग) उणे १. आधी फ्लॅश खाली दाबून एक फोटो काढा. तो थोडा काळपट पण माळा आणि समई छान दिसणारा आला पाहिजे. काळाकुट्ट आला तर आयएसओ १६०० करा. जमला की फ्लॅश उघडा आणि आता चेहरे बघा. चेहरे जास्त उजळले तर फ्लॅश उणे दीड, उणे दोन. बाकी काही हलवायचं नाही.

मुकुटाबद्दल. टीटीएलमध्ये फोटोच्या आधी एक छोटा झोत जातो, तो परत किती येतो त्यावरून कॅमेरा हिशोब करतो. सोनेरी मुकुट, सॅटिनचा पडदा, मागची काच ह्यातून तो उजेड थेट परत आला की हिशोब चुकतो. त्यामुळे एकदम समोर उभं राहू नका, थोडं डाव्या किंवा उजव्या अंगाला सरका, पडद्यातला तो पांढरा डागही जाईल. तरी पटत नसेल तर फ्लॅश उघडा असताना तारांकित बटण दाबा, कॅमेऱ्यात दिसणारा मधला भाग मूर्तीच्या पोटावर ठेवून. फ्लॅशची मात्रा तिथली मोजून धरून ठेवतो, मग फ्रेम हवी तशी करून क्लिक करा.

ठाण्याची_लेक
बाप रे, किती मनापासून लिहिलंय! दोन फोटोंचं एकदम लक्षात आलं. मग १/५० च का, १/६० का नाही?

उजेडवेडा
माळांमुळे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच एलईडी आणि ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं की प्रत्येक फोटोत पूर्ण लाटा बसतात, मग आडवे पट्टे येत नाहीत आणि एक फोटो पिवळा एक निळा असंही होत नाही. १/२०० ला मात्र हमखास दिसतं.

फ्रीमाँट_मावशी
इथे अमेरिकेत असणाऱ्यांनी लक्षात ठेवा, आपली वीज ६० हर्ट्झची, म्हणून १/६० किंवा १/१२५ धरायचं. आमच्या मंडळाचा गणपती शाळेच्या हॉलमध्ये असतो, छताला नुसत्या ट्यूब, मी १/६० लावल्यापासून पट्टे गेले. आणि भारतातून आणलेल्या बॅटरीच्या माळा असतील तर त्यांना हा नियम लागू नाही, त्यांचं सर्किट कसं आहे त्यावर आहे, आधी एक फोटो काढून मोठा करून बघायचा.

देवगडवाला
उजेडवेडा यांची पोस्ट वाचनखुणांत टाकली. आता आमच्या कोकणातल्या घरांचं सांगतो, कारण मुंबईहून गावी येणारे सगळे कॅमेरे घेऊन येतात आणि वेगळा फ्लॅश छताकडे वळवून बसतात. फ्लॅटमध्ये पांढऱ्या स्लॅबवर फ्लॅश मारला की उजेड वरून पसरून मऊ खाली येतो, सावल्या कमी होतात, हे खरंच. पण कौलारू घरात वर काय आहे? उंच, धुराने काळी पडलेली कौलं आणि वासे. सगळा उजेड वरच राहतो. तिथे बाजूची चुन्याची भिंत शोधा, फ्लॅशचं डोकं तिकडे वळवा. भिंत हिरवी-निळी असेल तर चेहऱ्यावर तोच रंग येतो, मग पांढरी चादर दोघांना धरायला लावा, मी धोतर टांगून पण केलंय, उत्तम चालतं.

दुसरं म्हणजे माटवी, गणपतीवरची टांगती आरास. गणपतीच्या वर आंब्याचे टाळे, कवंडळं (रानफळं), शिप्टं (सुपारीचे घोस), नारळ टांगलेले असतात, ते मूर्तीपेक्षा कॅमेऱ्याला जवळ. समोरून फ्लॅश मारला की कवंडळं भगभगीत आणि देव मागे काळोखात, वर त्यांच्या सावल्या नेमक्या मुकुटावर. अशा वेळी कॅमेरा खाली घ्या, सरळ पाटाच्या उंचीला बसा, फ्लॅश माटवीखालून जाईल असा. किंवा फ्लॅश बंद आणि ट्रायपॉड. माटवी ही वर्षभरातून एकदाच बांधतात हो, ती नीट दिसलीच पाहिजे फोटोत.

साधासुधा
माझ्याकडे छोटा खिशातला कॅमेरा आहे, एम वगैरे नाही. आमच्यासारख्यांनी काय करायचं? फ्लॅशच्या बटणावर चार-पाच चिन्हं येतात, त्यांचा अर्थ कुणी सांगेल का.

उजेडवेडा
साधासुधा, तुमचं काम सोपं आहे. नुसता विजेचा बाण म्हणजे फ्लॅश प्रत्येक वेळी उडणार. बाणाशेजारी ए असेल तर कॅमेरा ठरवणार. डोळ्याचं चिन्ह म्हणजे रेड आय, डोळे लाल येऊ नयेत म्हणून. बाणावर काट किंवा गोलात तिरकी रेघ म्हणजे बंद. आणि 'स्लो' असं काही लिहिलेलं असेल तर तेच आपलं स्लो सिंक, आरतीला ते निवडा. ते नसेल तर सीन मोडमध्ये माणूस आणि चांदणी असलेलं नाईट पोर्ट्रेट बघा, आतून तेच असतं. कॅमेरा मात्र टेबलावर, फ्रिजवर, कशावर तरी टेकवा. फ्लॅश फारच भक्क वाटला तर पुढे टिश्यूचा एक थर बोटाने धरा, उजेड कमी होतो. सावल्या फार मऊ होतील अशी अपेक्षा धरू नका, फ्लॅशचा आकार तेवढाच राहतो.

ठाण्याची_लेक
रेड आय चालू ठेवावं का? आजीचे डोळे लाल येतात.

देवगडवाला
घरच्या आरतीला बंद ठेवा. रेड आयमध्ये आधी एक दिवा पेटतो आणि फोटो थोडा नंतर निघतो, लोकांना वाटतं झाला फोटो, ते हलतात, मान वळवतात, ताट खाली घेतात. लाल डोळे नंतर मोबाईलमध्येसुद्धा दुरुस्त होतात, हललेली मान होत नाही.

पन्नास_एमएम
आणि कॅननमध्ये फ्लॅश उघडा असला की अंधारात फोकस मिळवण्यासाठी पण तो फडफडतो, चार-पाच झोत एकदम. आरतीत सगळे दचकून बघतात. कस्टम फंक्शनमध्ये 'एएफ असिस्ट' बंद करता येतं, करा. फोकस मधल्या बिंदूने मुकुटाच्या कडेवर घ्या, गडद-उजळ फरक असतो तिथे लगेच लागतो.

माझं मत अजून तेच आहे की मूर्तीला फ्लॅश नको. शाडूच्या मूर्तीचा मऊपणा समईच्या बाजूने येणाऱ्या उजेडातच दिसतो, समोरून उजेड पडला की सोंडेचा गोलावा, पोटाची घडी सगळं सपाट. मूर्तिकाराने डोळे आखताना जी मेहनत घेतलेली असते ती सपाट उजेडात मरते. घरात कुणी नसताना, पहाटे, ट्रायपॉडवर कॅमेरा, आयएसओ १००, एफ ५.६, शटर लागेल तेवढं, दोन सेकंदांचा टायमर. पंखा बंद करा म्हणजे ज्योत स्थिर राहील आणि हारातली फुलं हलणार नाहीत. आरतीला फ्लॅश वापरा हवं तर, पण एक फोटो असा नक्की काढा.

उजेडवेडा
पन्नास एमएमशी इथे शंभर टक्के सहमत. मूर्ती वेगळी, आरती वेगळी. मूर्ती हलत नाही त्यामुळे शटर हवं तेवढं लांबवता येतं.

ताशाचा_कडका
घरातलं झालं, आता मिरवणुकीचं. मी पुण्यात पथकात ताशा वाजवतो आणि कॅमेरेवाल्यांना रोज सरावाला बघतो. दिवसा असेल तर टीव्ही मोड, १/५०० किंवा त्याहून वर, आयएसओ ऑटो, म्हणजे टिपरू हवेत थांबलेलं दिसेल. भाद्रपदात आभाळ भरलेलं असतं, लक्ष्मी रोडसारख्या अरुंद रस्त्यावर उजेड अजून कमी, आयएसओ वर जाणारच, जाऊ द्या. नुसतं सगळं थांबलेलं असलं की ढोल वाजतोय असं वाटतच नाही, म्हणून थोडे फोटो १/३० ला काढा, ढोल आणि चेहरा स्थिर, हात फिरलेले.

रात्री गुलाल उडत असताना फ्लॅश अजिबात नको. हवेतला प्रत्येक कण कॅमेऱ्याजवळ असतो, तो माणसाआधी उजळतो, फोटोभर पांढरे-गुलाबी ठिपके. पावसाच्या थेंबांचंही तेच. मंडळाची रोषणाई भरपूर असते, त्यावर काढा. आणि कृपा करून वादकाच्या तोंडासमोर दोन फुटांवरून फ्लॅश मारू नका, ताल चुकतो, पुढची पूर्ण रांग बिघडते. पथकप्रमुखाला आधी विचारा, तो सांगेल कुठे उभं राहायचं. गुलालात लेन्स बदलायची नाही, ती पूड सेन्सरवर बसली की निघता निघत नाही.

ठाण्याची_लेक
काल संध्याकाळी समई लावून समोर पितळी कलश ठेवून, नवऱ्याला बाजूला उभं करून सगळं करून बघितलं. फ्लॅश बंद करून १/५०, एफ ४, आयएसओ १६०० ला माळा मस्त आल्या, मग फ्लॅश उणे दीडवर चेहरा आणि ज्योत दोन्ही दिसतंय! ज्योतीभोवतीचा पिवळा उजेड पण टिकलाय. एक गोष्ट मात्र खटकतेय, चेहरा जरा निळसर पांढरा आणि मागचं सगळं केशरी, दोन वेगळ्या जागा जोडल्यासारखं दिसतं. आणि खाली मधोमध अर्धगोल सावली येतेय.

उजेडवेडा
सावली लेन्सच्या हूडची (लेन्सच्या पुढे लावतात त्या कडीची) आहे, हूड काढून ठेवा. हूड नसेल आणि तरी आली तर फार जवळून, वाइडला काढताय, एक पाऊल मागे जाऊन झूम करा.

रंगाचं म्हणजे असं, फ्लॅशचा उजेड साधारण ५५०० केल्विन (उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका पिवळा), दुपारच्या उन्हासारखा, साधा पिवळा बल्ब ३००० च्या आसपास आणि तेलाची ज्योत २००० च्याही खाली. एकाच फोटोत दोन उजेड असले की व्हाइट बॅलन्स (कुठल्या उजेडात पांढरं पांढरं दिसावं ती सेटिंग) कुठलाही लावा, एक बिघडणारच. उपाय एकच, फ्लॅशलाच पिवळा करायचा. ह्यासाठी सीटीओ नावाचा नारिंगी जिलेटीन कागद मिळतो, त्यातला अर्ध्या ताकदीचा तुकडा फ्लॅशवर चिकटवा आणि व्हाइट बॅलन्स बल्बच्या चिन्हाकडे न्या. तो नसेल तर सध्या फिकट नारिंगी पारदर्शक कागद लावून बघा, स्टेशनरीत मिळतो. फ्लॅशचा थोडा उजेड खातो, पण टीटीएल ते बहुतेक आपोआप भरून काढतो, तरी चेहरे काळपट आले तर कॉम्पेन्सेशन उणे दीडवरून उणे एकवर आणा. आणि रॉमध्ये (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) काढा, नंतर रंग हलवायला जागा राहते.

ठाण्याची_लेक
जिलेटीन कागद आजच आणते. गौरींना वेगळा फ्लॅश घ्यावा का असा विचार चाललाय, मुखवटे, नथी, जरीच्या साड्या, हळदीकुंकवाला पंचवीसेक बायका असतात. बजेट फार नाही.

देवगडवाला
घ्या, पण थांबा, कॅमेऱ्याचं मॉडेल बघून घ्या. २०१८ मध्ये आलेल्या १५००डी आणि ३०००डी ह्या दोन्हींच्या वरच्या हॉट शूमध्ये (फ्लॅश बसवायच्या खाचेत) मधला संपर्कबिंदूच दिलेला नाही, नंतरच्या २००डी मार्क टूमध्येही नाही. म्हणजे फक्त मधल्या पिनवर चालणारे स्वस्त मॅन्युअल फ्लॅश, गोडॉक्सचा टीटी ६०० किंवा योंगनूओचा ५६०, ह्यांच्यावर लावले तर उडतच नाहीत. दुकानदाराला बऱ्याचदा हे माहीत नसतं. कॅननसाठीचा टीटीएल फ्लॅशच घ्या आणि दुकानात स्वतःच्याच कॅमेऱ्यावर लावून, उडवून बघून मग पैसे द्या.

उजेडवेडा
देवगडवाल्यांनी फार कामाचं सांगितलं. टीटीएल घेतला की ठाण्याच्या फ्लॅटमध्ये छत पांढरं आहे, डोकं वर आणि थोडं मागे वळवा, एम मोडचे तेच आकडे, आयएसओ ८०० ते १६००. कॅमेऱ्यावरच्या छोट्या फ्लॅशचा गाइड नंबर (फ्लॅशची ताकद सांगणारा आकडा) तुमच्या मॉडेलला ९ च्या आसपास, त्याला एफ ४ ने भागा, आयएसओ १०० ला जेमतेम सव्वादोन मीटर पोचतो, आयएसओ ४०० ला त्याच्या दुप्पट. हळदीकुंकवाला मागच्या रांगेतल्या बायका म्हणूनच काळ्या येतात. छतावरून आलेला उजेड पुढच्या-मागच्या सगळ्यांना बराचसा सारखा मिळतो. जरीच्या साडीवर थेट फ्लॅश मारला की जर पांढरी होते, वरून आलेल्या उजेडात तिचा सोनेरी रंग राहतो. नथीसाठी मात्र समोर थोडी चमक हवी, फ्लॅशच्या मागे पांढरं कार्ड रबरबँडने लावा, कार्ड दोन बोटं वर राहील एवढं, त्यातून थोडा उजेड पुढे येतो आणि मोत्यात दिसतो.

फ्रीमाँट_मावशी
वेगळ्या फ्लॅशसाठी चार्ज होणारे निमेच (NiMH) सेल घ्या, दोन सेट. साधे सेल लवकर बसतात आणि फ्लॅश परत भरायला वेळ लागायला लागतो, ओटी भरतानाचा नेमका क्षण निघून जातो. एक सेट फ्लॅशमध्ये, दुसरा चार्जरवर, असं ठेवा.

ठाण्याची_लेक
सगळ्यांना मनापासून धन्यवाद. शनिवारी कॅमेरा घेऊनच दुकानात जाते. पहाटेचा मूर्तीचा फोटो ट्रायपॉडवर काढणारच आहे पन्नास एमएम, पंखा बंद करून.

पन्नास_एमएम
इथेच टाका. एफ किती, शटर किती तेही लिहा, बाकीच्यांना उपयोग होईल.